पिशवीवरचा नंबर

डॉ. रत्नपाल सोनकांबळे यांचा अपमान झाला, तेव्हा ते संतपूरच्या एका गड्याची अक्कलदाढ उपटत होते. त्यामुळे अपमानाकडे लक्ष द्यायला त्यांना जरा उशीरच झाला. दाढ निघाली, गडी बोळा दाबून जिना उतरला, मग डॉक्टरांनी हात धुऊन मोबाईल उघडला.

'नमस्कार सर. आपले नवीन दात कसे आहेत? चावताना त्रास होत असल्यास अवश्य या. श्रीशैल दंत केंद्र, उदगीर.'

डॉक्टरांनी आरशापुढे जाऊन आ केला. दात सगळे आईबापांनी दिलेलेच होते. बिदर जिल्ह्यातल्या औरादला आपली उमेद लोकांच्या तोंडात घालवलेल्या माणसाला उदगीरच्या कालच्या पोरानं असं विचारावं, याला काय म्हणायचं?

"चुकून आला असेल," स्नेहल म्हणाली. ती त्यांची बायको. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे चूक ही गोष्ट तिला नवीन नाही.

"हलवायाच्या घरी चुकून कुणी पेढे पाठवतं का?" डॉक्टर म्हणाले. "खिजवायलाय तो मला."

पुढच्या महिन्यात पुन्हा आला. 'सर, रात्री दात पाण्यात ठेवायला विसरू नका.' दिवाळीला आला, संक्रांतीला आला. संक्रांतीच्या मेसेजात तर तिळगूळ जपून खा असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी त्या दिवशी मुद्दाम चिक्की खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचीच दाढ धरून बसले.

अशा जखमी मनःस्थितीत ते कलबुर्गीला दंतवैद्यांच्या मेळाव्याला गेले. 'छोट्या दवाखान्यासाठी संगणक : व्यवहारी सूचना' असा विषय होता आणि जेवण आयोजकांकडे होतं. बेंगळुरूहून आलेला वक्ता इंग्रजीत सूचना द्यायचा आणि कन्नडमध्ये विनोद करायचा. डॉक्टरांनी दोन्ही उतरवून घेतलं. पासवर्ड अवघड ठेवा, तो कुणाला सांगू नका, कुठं लिहू नका. माहितीची एक नक्कल दवाखान्याबाहेर ठेवा. आणि मुख्य म्हणजे रोग्यांना आठवणीचे मेसेज हातानं पाठवत बसू नका, संगणक आपोआप पाठवतो.

आपोआप! डॉक्टरांच्या घशात गुलाबजाम अडकला. म्हणजे उदगीरवाल्यानं आपला अपमानसुद्धा स्वतःच्या हातानं केला नव्हता. मशीन लावून ठेवलं होतं.

परतीच्या बसमध्ये भालकी यायच्या आत त्यांचा निश्चय झाला होता.

*

आता जागेचं सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण जागेपाशी येऊन थांबतं. डॉक्टरांचा दवाखाना औरादच्या मेन रोडवर आप्पारावांच्या माडीवर आहे. खाली आप्पारावांचं बियाणं-खताचं दुकान. दुकानाची पिवळी कापडी पिशवी तालुक्यात प्रसिद्ध आहे. तिच्यावर कापसाचं बोंड, बोंडाखाली आप्पारावांचं नाव आणि नावाखाली मोबाईल नंबर, तोही असा ठळक की मोतीबिंदूवाल्यालाही दिसावा. औराद भागात एखाद्या घरात कपाट नसेल, पण ती पिशवी खुंटीला असते. बाजाराला तीच, लग्नाला तीच, दवाखान्यालाही तीच.

दातांची खुर्ची माडीवर चढवताना खिडकीची भिंत फोडावी लागली होती. खुर्चीखाली नळ, वायरी, सांडपाण्याचा पाईप असं सगळं फरशीत गाडलेलं. म्हणजे ती हलवायची तर पुन्हा भिंत आली, फरशी आली आणि निम्मा दवाखाना गेला. जागेचा करार दर पाडव्याला नवा व्हायचा, आणि दर पाडव्याला आप्पाराव तीच अट बोलून दाखवायचे.

"डॉक्टर, तुम्ही चांगले, तुमचा धंदा चांगला. पर आमच्या घराण्यात दाताच्या डॉक्टरचं तोंड कुणी बघितलं न्हाई. आजा लिंबाची काडी चावत गेला, बाप चावत गेला. ज्या दिवशी माझ्या घरातलं माणूस तुमच्या खुर्चीत बसल, त्या दिवशी खुर्ची खाली. लोक काय म्हनतील? भाड्यासाठी बायकोचे दात दिले म्हनतील!"

दारू न पिणाऱ्यानं बारला जागा द्यावी आणि वर त्याचा अभिमान बाळगावा, तसं हे होतं. या पाडव्याआधी मात्र त्यांनी एक नवं शेपूट जोडलं. "उदगीरचा एक डॉक्टर इथं शाखा काढायची म्हनायलाय. भला माणूस हाय. मी आपलं सांगून ठिवलो."

आप्पारावांना उदगीरचा दातांचा डॉक्टर भला आहे हे कसं कळलं, हा प्रश्न तेव्हा डॉक्टरांना पडायला हवा होता. पण अपमानानं माणसाचं डोकं एकाच बाजूला चालतं. त्यात आप्पाराव दर मंगळवारी माल आणायला उदगीरला जायचेच. पावसाळ्यापासून खेपा थोड्या वाढल्या होत्या, पण व्यापार म्हटलं की फिरणं आलं.

डॉक्टरांना दुसरीच काळजी होती. त्याच मंगळवारी, आप्पारावांची गाडी नाक्यापुढं गेली की मागच्या जिन्यानं पार्वतीबाई वर यायच्या. पार्वतीबाई म्हणजे आप्पारावांच्या मंडळी. लिंबाच्या काडीच्या त्या घराण्यात त्या सून म्हणून आल्या होत्या, दात माहेरचे होते, त्यांनी घराण्याचा नियम पाळला नव्हता. खालच्या दाढा एकेक करून गेल्या होत्या आणि आता कवळीचं माप दिलेलं होतं.

"डॉक्टर, माझ्या भावासारके हाव तुम्ही," त्या पदर तोंडावर धरून म्हणायच्या. "मालकाला कळालं तर मला काय म्हनणार न्हाईत. तुमची खुर्ची मात्र फेकून देतील बगा."

डॉक्टरांनी शब्द दिला होता.

*

संगणक आला. तो भालकीच्या नागेशनं आणला. नागेश संगणक बसवतो, कॅमेरे बसवतो आणि सांगितलं तर बोअरची मोटरही बसवतो. उद्घाटनाला आप्पाराव नारळ घेऊन वर आले.

"अण्णा, आमच्यात वंदना असती," डॉक्टर म्हणाले.

"मग तुमचं तुम्ही म्हना, माझं मी फोडतो. मशीनला दोन्ही चालतंय."

डॉक्टरांनी वंदना घेतली, आप्पारावांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. नारळाला पाणी भरपूर निघालं आणि जमिनीवरच्या वायरीच्या बोर्डात गेलं. त्या दिवशी माडीवर अंधार होता, आणि खोबरं सगळ्यांना पोचलं.

मग सल्ले सुरू झाले. किराणावाल्यानं सांगितलं की संगणकाला गार हवा लागते, म्हणून रोग्यांचा पंखा संगणकाकडे वळला. शेजारच्या टेलरनं सांगितलं, त्यावर कापड झाका, आणि कापड शिवूनही आणलं. आप्पारावांचं म्हणणं होतं की एवढ्यात तीन म्हशी आल्या असत्या. बरं, म्हशी आठवणीचे मेसेज पाठवत नाहीत हे सांगायची सोय नव्हती, कारण मग मेसेज दूध देतात का हे ते विचारणार.

खरा घोळ मेसेजचा होता. संगणकानं कुणाला काही पाठवायचं तर त्याचा मजकूर आधी कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. डॉक्टरांनी लिहिलं : 'प्रिय अमुक, तुमची कवळी तयार आहे. दवाखान्यात यावे.' दिल्लीकडच्या एका बाईंचा फोन आला.

"सर, ये कवळी क्या होता है?"

"दात का सेट होता मॅडम. निकालके रखने का."

"तो दात का सेट लिखिए ना."

"लोगां को समझना ना मॅडम. हमारे पास कवळीच बोलते."

बाईंनी लेटरहेडवर हमीपत्र मागितलं. हमीपत्र गेलं, तर शिक्का गोल पाहिजे म्हणून परत आलं. डॉक्टरांचा शिक्का चौकोनी होता, आणि त्या शिक्क्यानं तोवर कुणाचंही काही अडलं नव्हतं. गोल शिक्का करायला ते बिदरला गेले. शिक्केवाल्यानं विचारलं, "संस्था आहे का?" डॉक्टर म्हणाले, "नाही, दात आहेत." शेवटी कवळी गोल शिक्क्यानिशी मंजूर झाली.

माहितीची नक्कल दवाखान्याबाहेर ठेवायची होती, म्हणून डॉक्टरांनी ती एका पेन ड्राइव्हमध्ये घालून घरी स्नेहलच्या कपाटात ठेवली. स्नेहलच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. तिनं तीच उचलून नाचाच्या गाण्यांसाठी दिली. ऐन कार्यक्रमात पडद्यावर शेतकरी नृत्याऐवजी चिंताकीच्या तानाजीची किडलेली दाढ खोलीएवढी होऊन आली. मुलं थांबली नाहीत, त्यांनी दाढेपुढेच नाच केला. पुढच्या रांगेत गटशिक्षणाधिकारी होते. ते दुसऱ्या दिवशी दात दाखवायला आले, हा त्यातला फायदा.

काउंटरवर बसणारी प्रियंका रोग्यांची नावं आणि नंबर संगणकात घालू लागली. मुलगी चटपटीत. पासवर्ड तिनं चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवला. डॉक्टरांनी तो सगळ्यांसमक्ष फाडला आणि तिला कलबुर्गीच्या मेळाव्यातलं निम्मं भाषण ऐकवलं. मग दार लावून त्यांनी स्वतः नवा पासवर्ड घातला. असा अवघड, की उदगीरच्या कुठल्याही पोराच्या सात पिढ्यांना सापडू नये. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही आणि कुठं लिहिला नाही.

*

पहिले मेसेज सोमवारी सकाळी दहाला सुटले. पाच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली आणि आप्पाराव फोन हातात निखाऱ्यासारखा धरून आत आले. फोन थांबायलाच तयार नव्हता, टिंग टिंग टिंग.

"डॉक्टर, काय करायलात हे? मला एकच तोंड हाय!"

डॉक्टरांनी पाहिलं. 'प्रिय शोभाबाई, तुमची दाढ भरायची राहिली आहे.' 'प्रिय तानाजी, तुमच्या हिरड्यांची तपासणी बाकी आहे.' 'प्रिय बळीराम...' सगळा तालुका आप्पारावांच्या खिशात येऊन पडत होता.

"प्रियंका!"

"सर, मी काय करू?" प्रियंका म्हणाली. "नंबर विचारला की पिशवी वर करतात आन् वाचून दाखवतात."

ते खरं होतं. औराद भागात स्वतःचा नंबर शहाणा माणूस कुणाला देत नाही. दिला की कर्जवाले येतात, विमेवाले येतात, तुम्हाला लॉटरी लागली म्हणणारे येतात. कुठल्याही कचेरीत नंबर मागितला की हातातल्या पिशवीवरचा द्यायचा, ही रीत आहे. पीकविमा असो, गॅस असो, आप्पाराव बसलेलेच आहेत, काही महत्त्वाचं असलं तर बाजारच्या दिवशी सांगतील.

"काय अडाणी लोक!" डॉक्टर म्हणाले आणि मनसोक्त हसले. हे त्यांचं हसू ध्यानात ठेवावं.

आप्पाराव रागावतील असं वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. उलट दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या चालीत वजन आलं. एखाद्या तालुक्याचे दात हातात आल्यावर माणूस तसाच राहत नाही. मेसेज आला की दुकानात मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती. बियाणाच्या दुकानात गुपचूप वाचलं की गिऱ्हाइकाला वाटतं, भाव लपवायलाय.

"बळीराम, मूग कशाला पाहिजेल? आदी वर जा. दाताला भोक पडलंय तुज्या."

"आप्पाराव, हळू बोला की!"

"भोक पाडताना लाज वाटली न्हाई?"

"दुकानदार हाव का डॉक्टर हाव तुम्ही?"

"वर जातूस का उधारी काढू?"

बळीराम वर गेला. तानाजीच्या होणाऱ्या सासऱ्यानं त्याच्या हिरड्यांची बातमी दुकानात ऐकली, तोही त्याला हाताला धरून वर घेऊन आला. दवाखान्यात बसायला जागा पुरेना. कलबुर्गीचा वक्ता म्हणाला होता की स्वयंचलित आठवणीनं रोगी वाढतात. त्या यंत्राला धोतर असतं, एवढंच तो सांगायला विसरला होता.

डॉक्टरांना मात्र जेवण गोड लागेना. कालपर्यंत लोक 'डॉक्टरनी बोलावलंय' म्हणायचे. आता 'आप्पारावनी पाठवलंय' म्हणत खुर्चीत बसायचे.

आणि मग शुक्रवारी संध्याकाळी, दवाखाना झाडून झाल्यावर, प्रियंका पर्स उचलता उचलता म्हणाली, "सर, पार्वती अक्काची कवळी आली लॅबमधून. मी 'तयार' म्हणून नोंद करून टाकले."

"बरं झालं."

"उद्या दहाला मेसेज जाईल."

"बरं झ..." डॉक्टर परत वळले. "कुठल्या नंबरला?"

प्रियंकानं खुंटीकडं पाहिलं. खुंटीला पिवळी पिशवी होती.

*

नोंद पुसायला डॉक्टर संगणकापुढे बसले. नोंद घालायला पासवर्ड लागत नव्हता, पुसायला मात्र संगणकानं तो मागितला. डॉक्टरांनी दिला. संगणक म्हणाला, चूक. डॉक्टरांनी तोच जरा जोरात दाबून दिला. चूक. त्यात एक मोठं अक्षर होतं, एक चिन्ह होतं, आणि दाताचं एक लॅटिन नाव उलटं लिहिलेलं होतं, एवढं आठवत होतं. कुठला दात, ते आठवेना. बत्तीस दात आणि प्रत्येकाला नाव.

"चिठ्ठीवर असतं तर..." प्रियंका म्हणाली.

"तू घरी जा."

नागेशला फोन लावला. "वायर उपटू का?"

"उपटा न्हाई तर कॉम्प्युटर आडात टाका सर," नागेश म्हणाला. "मेसेज तुमच्यापासून जातच न्हाई, कंपनीपासून जातोय. पासवर्ड बदलून घ्या, सोपं हाय. तुमच्या नंबरवर ओटीपी येतोय, तेवढा घालायचा."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बटण दाबलं आणि मोबाईल समोर ठेवला. मोबाईल गप्प होता. पडद्यावर मात्र लिहून आलं की ओटीपी पाठवला आहे, नंबरचे शेवटचे दोन आकडे सत्तेचाळीस.

डॉक्टरांच्या नंबराच्या शेवटी सत्तेचाळीस नव्हते.

त्यांनी हळूहळू मान वळवून खुंटीकडं पाहिलं. बोंड, नाव, नंबर. सत्तेचाळीस. आणि मग संगणक बसवायचा तो दिवस त्यांना लख्ख आठवला. नागेशनं विचारलं होतं, "सर, मालकाचा मोबाईल?" आणि डॉक्टरांनी, पदवीधर माणसानं, उगाच कर्जवाल्यांचे फोन मागे लागू नयेत म्हणून, मान वर करून...

खाली आप्पारावांचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. घरी त्यांनी स्नेहलला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिनं लाल पेन खाली ठेवलं.

"अडाणी लोक," ती एवढंच म्हणाली आणि पेन परत उचललं.

*

शनिवारी दुकान उघडायला डॉक्टर हजर होते. पण आप्पारावांची पूजा, चहा, उदबत्ती, वजनकाट्याला हळदकुंकू, असं होता होता साडेनऊ झाले आणि तोवर दुकानात बळीरामसह चारपाच गिऱ्हाइकं येऊन बसली. सगळ्यांच्या मांडीवर पिवळ्या पिशव्या. डॉक्टरांनी वर प्रियंकाला ओटीपीचं बटण पुन्हा दाबायची खूण केली.

"अण्णा, तुमच्या फोनवर एक नंबर येईल. सहा आकडी. तेवढा मला सांगा."

आप्पारावांचा हात खिशावर गेला. तेवढ्यात खिशात टिंग झालं.

"ओटीपी?" ते म्हणाले. गिऱ्हाइकांनी पिशव्या छातीशी धरल्या.

"व्हय अण्णा. दवाखान्याच्या कामाचा हाय."

"डॉक्टर, बँकेचा साहेब इथं बसून सांगून गेलाय. ओटीपी बायकोलाबी सांगायचा न्हाई."

"अण्णा, मी चोर हाय का?"

"चोर कधी चोरासारका असतोय व्हय? चांगलाच असतोय," बळीराम म्हणाला. त्याला भोकाचा हिशेब चुकता करायचा होता.

"माझ्या साडूला असाच फोन आलता," दुसरा म्हणाला. "डॉक्टरच बोलायलाय म्हनला. गेले की पैसे."

"डॉक्टर, कामून लागतोय ते तर सांगा," आप्पाराव म्हणाले.

कामून लागतो हेच सांगता येत नव्हतं. घड्याळात दहाला पाच कमी होते. वरच्या मजल्यावरची खुर्ची त्यांना डोक्यावर आल्यासारखी वाटू लागली.

"अण्णा, माझ्यासाठी एवढं करा."

"मी तत्त्वाचा माणूस हाय. ओटीपीचं सोडा, मी तर स्वतःचा नंबरबी कुठं देत न्हाई. पिशवीवर हाय त्यो हाय, पर परगावात कुणी विचारलं तर वर तुमच्या पाटीवरचा ठोकून देतो. आता उदगीरलाच बगा, त्या पोरीनं नंबर इचारला की मी सरळ तुमचा..."

आप्पाराव थांबले. खरं तर त्यांनी जीभ चावली, पण डॉक्टरांच्या सरावलेल्या नजरेला दिसलं की ती नीट चावली गेली नाही. वरचे दात जरा खाली सरकले आणि जागेवर गेले.

डॉक्टर बघतच राहिले. आप्पारावांचे वरचे दात एका रांगेत होते, शाळेतल्या पोरांना उभं करावं तसे. रोज त्यांना बघून, रोज रामराम घालून, हे आपल्याला दिसलं नाही? सुपारी सुटली होती, हुरड्याच्या दिवसांत हुरडा नको म्हणाले होते. आणि आपण उदगीरच्या पोराला शिव्या देत बसलो.

तेवढ्यात दहा वाजले. टिंग.

आप्पारावांनी सुटल्यासारखं करून फोन काढला, चष्मा चढवला आणि सवयीनं दुकानभर ऐकू जाईल असं सुरू केलं, "प्रिय... पार्वती... बाई. तुमची..."

"अण्णा!" डॉक्टर ओरडले. "मलाबी एक मेसेज आलाय. वाचू का?"

"नंतर वाचा."

"उदगीरचा हाय." डॉक्टरांनी मोबाईल वर धरला आणि वाचायला लागले, "नमस्कार सर, आपले नवीन..."

आप्पारावांचा चेहरा युरियाच्या गोणीसारखा पांढरा झाला. त्यांनी एकदा डॉक्टरांच्या फोनकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या. मेसेजातलं पुढचं त्यांनी जन्मात पहिल्यांदा मनातल्या मनात वाचलं.

"आपले नवीन काय?" बळीराम पुढे सरकला. "आन् पार्वती अक्काचं काय आलंय?"

"तालुक्यात पार्वती नावाच्या मायंदाळ बाया हायती," आप्पाराव उठत म्हणाले. "चला, उठा. दुकान बंद हाय."

"आत्ता तर उघडलं की!"

"माल मोजायचाय. उठतूस का उधारी काढू?"

दुकान रिकामं झालं. आप्पारावांनी शटर अर्धं ओढलं आणि गोणीवर बसले. डॉक्टर समोरच्या गोणीवर बसले. रस्त्यावरून बिदरची बस गेली, तिची धूळ आत येऊन खाली बसली.

"मंगळवारी यायची?" शेवटी आप्पारावांनी विचारलं.

"व्हय."

"मीबी मंगळवारीच जायचो."

"आलं ध्यानात."

"दिवाळीपासून घरात भाकरी दुधात कुसकरून मिळायलीय," आप्पाराव फोनकडं बघत म्हणाले. "मी मनात म्हनायचो, बरं झालं, हिला कळालं न्हाई. आन् वरनं तिला रागवायचो, कडक भाकर कामून करीना झालीस? बिचारी पदर धरून गप बसायची. मला वाटायचं, माझा वचक हाय."

आप्पारावांनी फोन मांडीवर उलटा ठेवला.

"वरची का खालची?"

"काय?"

"तिची."

"खालची."

आप्पारावांनी बोटांवर हिशेब मांडला. "माझी वरची," ते म्हणाले. "म्हंजे दोगांची मिळून एक पुरी होती."

मग त्यांनी उगाच फोन डॉक्टरांपुढे केला. "घ्या तुमचा ओटीपी." त्याची वेळ केव्हाच संपून गेली होती.

"अण्णा, खुर्चीचं?" डॉक्टरांनी भीत भीत विचारलं.

"अट म्हंजे अट. घरातलं माणूस खुर्चीत बसलं तर खुर्ची खाली." आप्पारावांनी घसा खाकरला. "पर ती बसली तवा मी उदगीरला व्हतो. न बघितलेला माल मी वहीला धरत न्हाई. आन् हे बगा, मला कळालं म्हनून तिला कळू देऊ नका. लाजंल. मेसेज पुसला. तुम्ही तिला तुमच्या तोंडानं सांगा."

"आणि तुमचं?"

"माझं काय?"

"तुमची वरची ढिली हाय अण्णा. बोलताना घसरतीय. उदगीरच्या भल्या माणसानं माप चुकवलंय." हे वाक्य उच्चारताना डॉक्टरांच्या कित्येक महिन्यांच्या जखमेवर जो लेप बसला, तो कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आप्पारावांनी जिभेनं चाचपून पाहिलं. "खुर्चीत बसणार न्हाई."

"मग?"

आप्पारावांनी बसल्या गोणीवर थाप मारली.

असं झालं की दर मंगळवारी दुपारी औरादचे दंतवैद्य डॉ. रत्नपाल सोनकांबळे हत्यारं पिवळ्या पिशवीत घालून मागच्या जिन्यानं खाली उतरतात आणि गोदामात, युरियाच्या गोणीवर बसलेल्या घरमालकाचा आ बघतात. बरोबर त्याच वेळी पुढच्या जिन्यानं पार्वतीबाई वर जातात, कारण मालक हल्ली मंगळवारी गोदामात माल मोजतात आणि त्यांना हाक मारायची सक्त मनाई आहे. डॉक्टर धापा टाकत वर येतात. "खाली कशाला गेलता?" पार्वतीबाई विचारतात. "खताचा भाव बघायला," डॉक्टर म्हणतात. शेत नसलेला माणूस दर मंगळवारी खताचा भाव का बघतो, हे त्या विचारत नाहीत. त्यांनाही पुष्कळ काही विचारायचं नसतं.

पाडव्याला करार झाला. तहसीलसमोर बसणारा निंगप्पा कागद लिहायला आला होता. नावं झाली, पत्ते झाले, खुर्चीची अट नेहमीप्रमाणे तोंडी झाली.

"दोगांचे मोबाईल नंबर बोला," निंगप्पा म्हणाला.

आप्पारावांनी दारातून मान बाहेर काढून माडीवरच्या पाटीकडं बघितलं. डॉक्टरांनी खुंटीकडं बघितलं. आणि दोघांनीही, एकदाही न अडखळता, एकमेकांचे नंबर आपले म्हणून सांगितले.

निंगप्पानं ते लिहून घेतले. मग त्यानं आपली पिवळी पिशवी पुढं ओढली आणि कागदाच्या तळाशी स्वतःचा नंबर लिहायची जागा होती, तिथं पिशवी उलटी करून बघत बघत लिहिलं, शेवटी सत्तेचाळीस.